जुन्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलताना

वरंधा घाट उतरून महाडला चहाला थांबलो, तर डाव्या पुढच्या चाकापाशी जळका वास. चाकाजवळ हात नेला तर भट्टीसारखी धग. उजवं चाक मात्र जेमतेम कोमट. गाडी २००८ची वॅगन-आर, आणि पॅड सात महिन्यांपूर्वीच एका गॅरेजमध्ये बदलून घेतलेले. घरी येऊन चाक काढलं. बाहेरचा पॅड जवळपास नवा, आणि आतला घासून पार पत्र्याला लागलेला. पॅडमध्ये खोट नव्हती. नवे पॅड घालणाऱ्याने कॅलिपरच्या (पॅडना चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीवर, म्हणजे डिस्कवर, दाबणारा चिमटा) पिना बाहेर काढून पुसण्याचे कष्ट घेतले नव्हते, एवढंच.

तेव्हापासून पुढचे ब्रेक मी स्वतः करतो. मजुरी वाचते म्हणून नाही. आपल्याकडे ती वाचून काय मोठा वाडा बांधणार आहे? गॅरेजमध्ये वीस मिनिटांत उरकणारं काम मला पहिल्यांदा चार तास लागलं, आता दोन लागतात. त्यातली पंधरा मिनिटं पॅड बदलण्याची, बाकी सगळी साफसफाईची. हे गणित पटत असेल तरच बाह्या सरसावा.

खाली लिहिलंय ते पुढे डिस्क, मागे ड्रम आणि मागच्या चाकांवर हॅण्डब्रेक असलेल्या जुन्या छोट्या गाड्यांना लागू पडतं. म्हणजे वॅगन-आर, अल्टो, सँट्रो, इंडिका या पिढीतल्या. मागेही डिस्क असतील तर तिथला पिस्टन पुष्कळदा दाबून नव्हे, फिरवून आत जातो. ते काम वेगळं, इथे नको.

आधी, आत काय चालतं ते

पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनवर येतो. या गाड्यांत पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. मग बाहेरच्या पॅडला कोण दाबतं? डिस्क तर बाजूला सरकत नाही, म्हणून सगळा कॅलिपरच दोन पिनांवरून आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर टेकवतो. चिमट्याचा एकच पाय हलवून चिमटा मिटावा, तसं.

आता त्या पिना गंजून धरल्या तर कॅलिपर सरकणार नाही. आतला पॅड एकटाच राबेल, वर पेडल सोडल्यावरही डिस्कला चिकटून राहील. माझं घाटात झालं ते हेच. पावसाळ्यात चार महिने पाण्या-चिखलातून धावणाऱ्या, आणि उरलेला वेळ पार्किंगमध्ये उभ्या असणाऱ्या गाडीत पिना धरणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

बदलायची वेळ झाली हे कसं कळतं

बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. मसाला, म्हणजे घासला जाणारा थर, दोन-तीन मिमी उरला की ती डिस्कला लागून चिरका आवाज काढते. हा आवाज आला की पुढच्या एक-दोन आठवड्यांत काम करायचं. खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी, ऐकू आली तर उशीर झालाय. गाडी बाहेर काढूच नका. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्ककडे बघावं लागेल. पाऊस पडून गेल्यावर सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला येणारी खरखर मात्र डिस्कवरच्या रात्रीतल्या गंजाची असते. तिला घाबरू नका.

आणखी एक खूण बॉनेटखाली आहे. पॅड झिजत गेले की पिस्टन पुढे येतो, त्यामागची जागा भरायला ऑइल खाली उतरतं आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी कमी होते. म्हणून पातळी उतरलेली दिसली की वरून ऑइल ओतून मोकळं व्हायचं नाही. आधी पॅड बघायचे. ते जाड असतील तर ऑइल कुठून तरी गळतंय, आणि मग हा लेख बंद करून चांगला मेकॅनिक गाठायचा.

काय काय लागेल

पॅडचा सेट दोन्ही चाकांचा मिळून चार नगांचा येतो. एकाच बाजूचे पॅड कधीही बदलू नका, गाडी ब्रेक मारताना एका अंगाला ओढेल. पुण्यात मी नाना पेठेतून आणतो. दुकानात जाताना आर. सी. बुक आणि जुना पॅड असेल तर तो सोबत न्या, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक पॅडचा आकार बदललेला असतो. गाडीच्या कंपनीचे घ्या किंवा नावाजलेल्या ब्रेक कंपनीचे घ्या, पण बिल देणाऱ्या दुकानातूनच. सुट्या भागांच्या बाजारात नकली माल खूप आहे, आणि ब्रेक ही काही दोनशे रुपये वाचवायची जागा नाही.

बाकी सामान: चाकाचा पाना, १२, १४ आणि १७चे रिंग पाने किंवा सॉकेट, तारेचा ब्रश, बारीक कानस, मोठा सी-क्लॅम्प, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, सुतळी किंवा तार, जुनी सुती कापडं, हातमोजे, मास्क, इंजेक्शनची मोठी सिरिंज आणि ब्रेक ऑइलची छोटी बाटली. ऑइलचा प्रकार डॉट ३ की डॉट ४ ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

दोन गोष्टींवर कंजुषी नको. पहिली घोडी, म्हणजे जॅक स्टँड. गाडीसोबत आलेला जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीपाशी वाकून काम करायचं नाही. दुसरी सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस. गॅरेजमधल्या डब्यातलं नेहमीचं ग्रीस खनिज तेलाचं असतं; ते लागलं की पिनांचे रबरी बूट, म्हणजे त्यांच्यावरची आवरणं, फुगतात, आणि सहा महिन्यांत पिना आधीपेक्षा घट्ट बसतात. दुकानदार "काय फरक पडतो साहेब" म्हणेल. पडतो.

गाडी उचलणं

जागा सपाट आणि टणक हवी. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर घोडीच्या पायाखाली जाड फळी ठेवा, नाहीतर ब्लॉक खचतो. उतारावर हे काम करायचंच नाही.

हॅण्डब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून विटा लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-अर्धा फेरा ढिले करा. गाडी उचलल्यावर जोर लावाल तर चाक फिरेल, आणि त्याहून वाईट म्हणजे गाडी जॅकवरून हलेल. मग दाराखालच्या पट्टीत जिथे दोन खाचा दिसतात त्यांच्या मधोमध जॅक लावा. गाडी उचलली की मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी घोडी सरकवा, जॅक हळू खाली घेऊन भार तिच्यावर येऊ द्या आणि गाडीला हाताने एक बरा हिसका द्या. हलायची असेल तर ती आत्ताच हलू दे. काढलेलं चाक आडवं करून दाराखाली सरकवून ठेवा. घोडी दगा देत नाही, पण दिलाच तर गाडी चाकावर पडेल, तुमच्यावर नाही.

एका वेळी एकच बाजू खोला. क्लिप कुठे होती, पॅडची जीभ वर होती की खाली, हे विसरलात तर दुसरी बाजू जाऊन बघता येते. मोबाइलवर फोटो तर काढाच.

कॅलिपर उघडणं

स्टिअरिंग ज्या बाजूला वळवल्यावर कॅलिपरची मागची बाजू बाहेर येते तिकडे पूर्ण वळवा. तिथे पिनांचे दोन बोल्ट दिसतील, बहुतेक १२ किंवा १४च्या डोक्याचे. बोल्टबरोबर पिनही फिरायला लागली तर तिला दुसऱ्या पातळ पान्याने धरा. बऱ्याच गाड्यांत खालचा बोल्ट काढला की कॅलिपर बिजागरीसारखा वर उचलला जातो. पण तुम्ही दोन्ही काढा, कारण आपल्याला पिना बाहेर हव्यात.

कॅलिपर सुटला की तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. वर सस्पेन्शनच्या स्प्रिंगला सुतळीने बांधा. नळी आतून फाटली तर बाहेरून दिसत नाही, आणि ब्रेक कधी दगा देईल याचा नेम नाही. आणि यापुढे कॅलिपर उघडा असेपर्यंत पेडलला कोणाचाही पाय लागता कामा नये. माझा मुलगा एकदा गाण्यासाठी म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला होता; पिस्टन पार बाहेर यायचा थोडक्यात राहिला. आता मी दार लॉक करून किल्ली खिशात ठेवतो.

काळी धूळ फुंकायची नाही, कंप्रेसरची हवाही मारायची नाही. जुन्या पॅडच्या मसाल्यात काय काय असेल ते सांगता येत नाही, त्यात ॲस्बेस्टॉसही असू शकतं. मास्क लावा, क्लीनर मारा आणि ओल्या फडक्याने टिपून घ्या.

जुने पॅड फेकण्याआधी

ते जमिनीवर ओळीने मांडा. डावा आतला, डावा बाहेरचा, उजवीकडचे तसेच. हे दोन मिनिटांचं काम सगळ्यात जास्त शिकवतं.

चारही सारखे झिजले असतील तर गाडी निरोगी आहे. आतला जास्त झिजलाय: पिना धरल्यात किंवा पिस्टन मागे सरकत नाही. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ: एक पिन धरलीय, दुसरी चालतेय, म्हणून कॅलिपर तिरका बसतो. मसाला आरशासारखा चकचकीत झालाय आणि कडांना बारीक चिरा: पॅड सतत तापत होते, घाटात तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर गाडी रोखण्याऐवजी पाय ब्रेकवर ठेवून उतरण्याची सवय असेल तर ती आधी बघा.

डिस्क

दोन्ही बाजूंना बोट फिरवा. कडेला उंच ओठ लागेल, तो असतोच, कारण पॅड तिथवर पोचत नाही. खोल चरे आहेत का, निळे डाग आहेत का ते बघा. मग जाडी मोजा. किती जाडीपर्यंत डिस्क वापरायची तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. तारेच्या ब्रशने गंज झाडला की दिसतो. नव्या डिस्कपेक्षा तो साधारण दोन मिमीच कमी असतो, म्हणजे झीज डोळ्यांना फारशी जाणवतच नाही.

व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावताना ओठ आड येतो आणि माप जास्त दाखवतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे दोन सारखी नाणी. डिस्कच्या घासल्या जाणाऱ्या भागावर एक या बाजूला, एक त्या बाजूला नाणं टेकवायचं, नाण्यांसकट माप घ्यायचं, आणि दोन नाण्यांची जाडी वेगळी मोजून वजा करायची. असं चार-पाच ठिकाणी.

आकडा मर्यादेच्या जवळ आला असेल तर लेथवर घासून घेण्याच्या फंदात पडू नका. आधीच पातळ झालेली डिस्क आणखी पातळ होते. नवी जोडी आणा. डिस्क काढायला कॅलिपरचं ब्रॅकेट, म्हणजे पॅड आणि पिना ज्यात बसतात ती चौकट, सोडवावं लागतं. त्याचे मागचे दोन बोल्ट, बहुधा १७चे, चांगलेच घट्ट असतात. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, गंजाने चिकटलेली असते. लगेच हातोडी घेऊ नका, डिस्कच्या मधल्या भागात आटे पाडलेली दोन भोकं आहेत का बघा. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत असतात. त्यांत आठ एमएमचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे पिळत गेलात की डिस्क आपसूक सुटून येते. नवी बसवण्याआधी हबची गंजलेली बैठक तारेच्या ब्रशने चकचकीत करा. तिथे गंजाची खपली राहिली तर डिस्क किंचित तिरकी बसते आणि हजारभर किमीनंतर स्टिअरिंग थरथरू लागतं. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं, तेही क्लीनरने पूर्ण काढा.

पिना

आता मुख्य काम. पिना ब्रॅकेटमधून ओढून काढा. कुठली वरची, कुठली खालची ते लक्षात ठेवा. काही गाड्यांत एका पिनेला रबराची बाही किंवा चपटी बाजू असते, अदलाबदल चालत नाही. जुनं ग्रीस पुसा. माझ्या त्या डाव्या बाजूच्या खालच्या पिनेवर ग्रीस नव्हतंच, चॉकलेटी रंगाची कोरडी पेस्ट होती. पिन पिळत-पिळत बाहेर काढायला अर्धा तास गेला. गंज वरवरचा असेल तर बारीक पॉलिश पेपरने निघतो. खड्डे पडले असतील किंवा बूट फाटला असेल तर पिना-बुटांचा किट मिळतो, तो घाला. पिनेचं भोकसुद्धा कापडाची वात करून आतून पुसा.

सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा, भोकात ठासून भरू नका, नाहीतर आत अडकलेली हवा पिन मागे ढकलत राहते. पिन बसवली की बोटाने आत-बाहेर सरकली पाहिजे. बूट तिच्या खाचेत चारी बाजूंनी नीट बसला का बघा, पावसाचं पाणी तिथूनच शिरतं.

पिस्टन आत ढकलणं

नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन मागे न्यावा लागतो. आधी ऑइलच्या डबीचं झाकण उघडा. कोणी मधे ऑइल भरलं असेल तर पिस्टन ढकलल्यावर ते वर येऊन सांडेल, म्हणून सिरिंजने थोडं काढून घ्या. हे ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. मग पिस्टनवर जुना पॅड आडवा ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. सरळ, गुपचूप आत गेला पाहिजे. अडत असेल, भोवतीचा बूट फाटका असेल किंवा कडेने ओल दिसत असेल तर इथेच थांबा. पिस्टनचं सील बदलणं पहिल्या खेपेचं काम नाही.

नवे पॅड

ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान ज्या पत्र्याच्या क्लिपांत बसतात त्या काढून खालचा गंज कानशीने साफ करा. क्लिपेखाली गंज फुगला की पॅड अडकतो. नवा पॅड नुसत्या बोटाने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागत असेल तर साफसफाई अपुरी आहे. कानांना आणि पाठीमागच्या पत्र्याला ग्रीसचं नाममात्र बोट. मसाल्याला काहीही लावायचं नाही, ग्रीसचा हातही नाही.

मसाल्याची बाजू डिस्ककडे. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण पॅड उलटा बसवलेली गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे. जीभ असलेला पॅड जुन्यात जिथे होता तिथेच.

कॅलिपर खाली आणा, बोल्ट लावा. पिनांचे बोल्ट बारीक असतात, त्यांना चाकाच्या नटाइतका जोर लावला तर आटे जातात. मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क पाना (किती जोर लागतोय ते दाखवणारा) वापरा. ब्रॅकेटचे बोल्ट काढले असतील तर त्यांनाही तेच. चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोरचे असे आवळा, आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर द्या. मारुतीच्या या छोट्या गाड्यांना साधारण ८५ न्यूटन-मीटर लागतं, म्हणजे पाव मीटरच्या पान्यावर ३५ किलोचा जोर. पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत.

गाडी हलवण्याआधी

इंजिन बंद ठेवून पेडल मारा. पहिल्यांदा ते थेट तळाला जाईल, कारण पिस्टन आपण मागे नेलाय. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, असं पेडल वर आणि कडक होईपर्यंत मारत राहा. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतलेले लोक मागच्या भिंतीवर थांबतात. मग डबीतली पातळी दोन रेघांच्या मधे आणा. बाटली ताजी उघडलेली हवी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हीच हद्द १४० अंशांवर येते. मग घाटात त्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. माझ्या काकांकडे गॅरेजच्या फळीवर अर्धी भरलेली बाटली तीन वर्षं आहे. ती ते अजून "चांगली आहे" म्हणतात.

ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर ते पूर्ण बदलून घ्या. पेडल मारूनही स्पंजासारखं लागत असेल तर आत हवा आहे, ती काढल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही.

पहिली चक्कर सोसायटीच्या आतच, चालण्याच्या वेगात, दोन-चारदा थांबून. मग पहाटे मोकळा रस्ता गाठा. ५०च्या वेगावरून १०-१५वर या, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता. अर्धा मिनिट गाडी चालू द्या, पुन्हा तेच. असं आठ-दहा वेळा. मसाल्याचा सारखा थर डिस्कवर बसतो, तो असाच. शेवटी लगेच थांबून पेडल दाबून धरू नका, दोन-तीन किमी ब्रेक न वापरता फिरवून डिस्क थंड होऊ द्या. थोडा वास येतो, तो पहिल्या दिवशी चालतो. पहिले दोन-तीनशे किमी समोरच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा.

घरी आलात की दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. धग दोन्हीकडे सारखी हवी. पन्नासेक किमीनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून बघा, आणि पावसाळा संपला की दसऱ्याला गाडी धुता-पुसता तेव्हा पुढची दोन्ही चाकं काढून पिना बोटाने सरकतात का तेही.